पाहुणे काय लिहून गेले

आमच्या नंदुरबारला कोणी प्रवासाला म्हणून येत नाही. येतात ते बदलीवर, लग्नाला, नाहीतर मिरची घ्यायला. बदलीवर आलेला माणूस पहिल्या दिवसापासून परतीच्या बदलीच्या अर्जात गुंतलेला असतो, लग्नाला आलेल्याला सुरत-भुसावळ गाडीची घाई असते, आणि मिरची घ्यायला आलेल्याला शिंकांतून सवड मिळत नाही. त्यामुळे आमच्या गावावर कोणी प्रवासवर्णन लिहील अशी आशा आम्ही कधी बाळगली नाही. मराठी माणसाने लंडन, पॅरिस, टोकियोवर लिहावं आणि आम्ही नंदुरबारकरांनी ते दुपारच्या जेवणानंतर आडवं होऊन वाचावं, अशी वाटणी वर्षानुवर्षं सुखाने चालली होती.

या वाचनात मात्र मी कोणाला हार जाणार नाही. आमच्या वाचनालयातलं प्रवासवर्णनांचं कपाट मी वरच्या खणापासून खालच्या खणापर्यंत पालथं घातलेलं आहे. १९६० सालच्या ‘अपूर्वाई’मधून मी पु. लं.चं बोट धरून विलायतेत हिंडलो, ‘पूर्वरंग’मधून जपानला जाऊन आलो. अनंत काणेकरांबरोबर ‘धुक्यातून लाल ताऱ्याकडे’ गेलो, गंगाधर गाडगीळांच्या मागोमाग ‘साता समुद्रापलीकडे’ पोचलो. आणि मीना प्रभूंबद्दल तर काय बोलावं! ‘तुर्कनामा’, ‘ग्रीकांजली’, ‘रोमराज्य’, ‘इजिप्तायन’, ‘गाथा इराणी’ या सगळ्यांच्या वजनाने त्या कपाटाचा खालचा खण अंमळ वाकला आहे. एवढं जग फिरूनही माझा एकही बूट झिजला नाही.

प्रत्यक्षातला माझा परप्रवास म्हणजे नवापूर स्टेशन. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हे स्टेशन अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे. प्लॅटफॉर्मवर एक बाक आहे, त्याच्या मधोमध राज्याची हद्द जाते. त्या बाकावर जरा ऐसपैस बसलं की माणूस एकाच वेळी दोन राज्यांत बसतो. चहा महाराष्ट्रात घ्यावा आणि कप गुजरातेत ठेवावा, एवढ्यावर माझी परदेशाची हौस भागत असे.

पण निवृत्तीनंतर मुलाने हट्टाने आम्हा दोघांना युरोपच्या सहलीला धाडलं. अकरा दिवस, सात देश. आणि परत आल्यावर जे व्हायचं तेच झालं. मी प्रवासवर्णन लिहिलं.

आता मराठी प्रवासवर्णनाची एक ठरलेली पाककृती आहे. इतकी वर्षं वाचून ती मला तोंडपाठ झाली होती. आधी पासपोर्ट आणि व्हिसा यांची फोडणी करून घ्यावी. त्यात बॅगेचं वजन, चकल्यांचा डबा आणि विमानतळावर तो उघडून दाखवण्याचा प्रसंग परतून घ्यावा. मग विमानाच्या खिडकीतून ढग दिसू द्यावेत. ते कापसासारखे असावेत. पुढे परक्या देशातली स्वच्छता, वक्तशीरपणा आणि रांगेची शिस्त प्रत्येकी एक वाटी. तिथली नदी पाहून आपल्या गावची नदी आठवावी. एखादा मराठी माणूस अनपेक्षितपणे भेटवावा. त्याच्या बायकोने पिठलं-भात करावा. शेवटी मायभूमीवर पाय ठेवताना डोळे पाणवावेत आणि त्याच वेळी टॅक्सीवाल्याने फसवावं. चवीपुरता इतिहास. हे मिश्रण शंभरेक पानांत मावेल इतकं आटवावं.

मी ते शहाण्णव पानांत आटवलं. तीनशे प्रती स्वखर्चाने छापल्या. त्यांतल्या दोनशे सत्तर आजही आमच्या माळ्यावर असल्याने पुस्तक दुर्मीळ आहे असं मात्र म्हणता येणार नाही.

उरलेल्या तीस प्रतींपैकी एक शेजारच्या गुरुजींना दिली होती. गुरुजी म्हणजे निवृत्त प्राथमिक शिक्षक. मूळचे धडगावच्या वरच्या अंगाचे, पावरा समाजातले. मुलांच्या शिक्षणासाठी नंदुरबारला आले ते इथेच राहिले. माणूस मितभाषी. आठ दिवसांनी पुस्तक परत द्यायला आले. (भेट दिलेलं पुस्तक परत आलं की लेखकाने काय समजायचं ते समजावं.)

“वाचलं, नाना.”

“मग? कसं काय?”

“चांगलं आहे. अक्षर मोठं आहे.”

“अहो, अक्षर राहू द्या. मजकूर?”

गुरुजींनी जरा वेळ घेतला. “एक विचारायचं होतं. तिथली माणसं काय खातात?”

मी उडालोच. “गुरुजी! शहाण्णव पानांतली एकतीस पानं खाण्यावर आहेत!”

“आहेत ना. तुम्ही काय खाल्लं, तुम्हाला काय मिळालं नाही, आणि मिळालं असतं तर किती खाल्लं असतं, ते सगळं आहे. ते लोक काय खातात?”

त्या रात्री मी माझंच पुस्तक पुन्हा चाळलं. सात देशांतला एकच स्थानिक माणूस माझ्या पुस्तकात बोलतो. तो हॉटेलातला कारकून आहे आणि तो फक्त “नो” म्हणतो. बाकी अख्ख्या पुस्तकात मी, आमची सौ., आमच्याच बसमधले पंचेचाळीस मराठी प्रवासी आणि थेपले. युरोप होता, पण फोटोच्या मागे असतो तसा.

झोप लागेना. तेव्हा पडल्या पडल्या मला टीकाशास्त्रातला एक सिद्धांत सुचला. प्रवासवर्णन चांगलं की वाईट हे आपण कोणाला विचारतो? वाचकाला, समीक्षकाला, फार तर प्रकाशकाला. ज्याच्या गावाला लेखक जाऊन आला त्याला कोणी विचारतच नाही! वास्तविक पाहुण्याची खरी पारख यजमानाला असते. तेव्हा पुस्तक ज्या गावाचं, त्या गावच्या माणसाला ते वाचून दाखवावं. तो खूष झालाच पाहिजे असं नाही. त्याला ओळख पटली पाहिजे. “हो, हे आमचंच घर. आणि ती कोपऱ्यातली कळशी गळते, तेही खरं,” असं त्याने म्हटलं की पुस्तक पास.

सिद्धांत बिनतोड होता. अडचण एवढीच की ‘अपूर्वाई’ वाचून दाखवायला नंदुरबारात लंडनचा माणूस आणायचा कुठून? याचा अर्थ आपल्याच गावावर कोणा परक्याने लिहिलेलं शोधायला हवं. आणि ते तर नाहीच, अशी माझी खात्री होती.

ती खात्री वाचनालयातल्या एका इंग्रजी पुस्तकाने घालवली. मोरोक्कोतल्या तांजिअरचा इब्न बतूता १३२५ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी घरातून निघाला आणि निम्मं जग हिंडला. महंमद तुघलकाने १३४२ साली त्याला आपला वकील म्हणून चीनला धाडलं, तेव्हा तो दौलताबादहून खंबायतच्या बंदराकडे निघाला. आणि वाटेत कुठे आला? नंदुरबारला! मी ते नाव तीनदा वाचलं. मग पुस्तक घेऊन थेट घर गाठलं आणि यजमानांची सभा भरवली. सभेला आमची सौ. आणि अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या सासूबाई. 

“ऐका! सातशे वर्षांपूर्वीचा पाहुणा आपल्याबद्दल काय लिहितो ते ऐका. हे लहानसं गाव आहे, इथे मराठे लोक राहतात, ते कारागिरीत निपुण आहेत, वैद्यकी आणि ज्योतिष जाणणारे आहेत.”

“ज्योतिषी अजून आहेत,” सौ. म्हणाली. “पुढे?”

“नात्यात लग्न करत नाहीत. सात पिढ्यांचं अंतर लागतं.”

सासूबाई एकदम सावरून बसल्या. “बरोब्बर. सात पिढ्या. कोण म्हणालास हा? त्याला कसं कळलं?” आठ-नऊ हजार किलोमीटरवरून आलेल्या परधर्मी माणसाने आपल्या घरातला सोयरिकीचा नियम टिपून ठेवावा, याचं त्यांना मनापासून कौतुक वाटलं. जेवणापूर्वी हे लोक अगदी शुद्धीकरणासारखं स्नान करतात, याही वाक्याला त्यांनी मान डोलावली. दारू पिणं हा इथे सर्वांत मोठा दोष मानतात, हे वाक्य मात्र मी वाचलं तेव्हा सभेत काही क्षण शांतता पसरली.

“आणि जेवण? भात, हिरव्या भाज्या आणि तिळाचं तेल.”

“भात?” सौ.ने हरकत घेतली. “आणि भाकरी कुठे गेली? ज्वारी नाही, बाजरी नाही, कळण्याची भाकरी नाही! हा नक्की नंदुरबारलाच आला होता ना? आणि मिरची? मिरचीबद्दल एक अक्षर नाही?”

मिरचीचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. मिरची मूळची अमेरिकेची. पोर्तुगीजांनी ती आपल्याकडे आणली सोळाव्या शतकात, म्हणजे बतूता येऊन गेल्यानंतर सुमारे दीडशे-दोनशे वर्षांनी. आज गावाबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडली की लांबून जमीन पेटल्यासारखी दिसते, बाजारात गाड्यांची रांग लागते, आणि मिरचीशिवाय नंदुरबार ही कल्पनाही आम्हाला सहन होत नाही. पण बतूताने पाहिलं ते नंदुरबार न शिंकणारं होतं. खरी जगप्रवासी म्हणायची तर ही मिरची. अर्धं जग ओलांडून आली, इथलीच होऊन राहिली आणि एक ओळसुद्धा लिहिली नाही!

भाकरीचं उत्तर मात्र मला बऱ्याच विचाराने सापडलं. बतूता बादशहाचा वकील होता. तो उतरला असेल बड्या घरांत, बसला असेल वैद्य-ज्योतिष्यांच्या पंगतीला. तिथे भात वाढला असेल, त्याने भात लिहिला. भाकरी खाणारे लोक त्याला वाढायला नव्हते. पाहुण्याला गाव दिसतं ते ज्या पाटावर बसवलं त्या पाटावरून. यात त्याचा दोष काय? मी तर बसच्या सीटवरून सात देश लिहिले.

एकदा नाद लागल्यावर आणखी पाहुणे सापडत गेले. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारा जुना रस्ता आमच्या दारावरून जायचा, त्यामुळे सतराव्या शतकात इथे युरोपीय पाहुण्यांची रीघच होती. १६१० साली विल्यम फिंच नावाचा इंग्रज आला. त्याने कबरी, विलासगृहं, गढी आणि एक छान तलाव एवढं नोंदलं आणि तो पुढे गेला. एका वाक्यात आमचं गाव! ताव्हेर्निए हा फ्रेंच जवाहिऱ्या फार रसिक. चौदाव्या लुईला मोठा निळा हिरा विकणारा हाच तो. त्याचं पुस्तक १६७६ साली पॅरिसला छापलं गेलं. त्यात आमच्या नवापूरबद्दल लिहिलंय, की इथे विणकर पुष्कळ, पण खरा माल तांदूळ. दाणा साध्या तांदळाच्या निम्मा, शिजला की बर्फाहून पांढरा आणि वास कस्तुरीचा. हिंदुस्थानातले उमराव दुसरा भात खात नाहीत, आणि इराणात कोणाला खूष करायचं असेल तर या तांदळाची एक गोण न्यावी! नवापूरच्या एका मित्राला मी हे फोनवर वाचून दाखवलं. आजचं नवापूर तूरडाळीसाठी नावाजलेलं, तरी भाताचं नाव निघताच गडी हळवा झाला. “अरे, हे आमच्या आजीच्या तोंडचं वाटतंय,” म्हणाला. फ्रेंच जवाहिरा कसोटीला उतरला. हिरे पारखणाऱ्या माणसाने तांदळाचा दाणाही हिऱ्यासारखाच निरखला होता.

आणि एक पाहुणा असा निघाला की त्याची कसोटी घेणं मला जमलं नाही. पीटर मंडी हा इंग्रज १६३० साली याच रस्त्याने गेला. ते साल भीषण दुष्काळाचं. देहूच्या तुकोबांचा संसार ज्याने उद्ध्वस्त केला तोच हा दुष्काळ. मंडी लिहितो की सुरतेपासून वाटभर प्रेतं पडलेली होती आणि नाकातून दुर्गंधी जात नव्हती. त्याने काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. हे कोणाला वाचून दाखवायचं? ज्यांच्याबद्दल लिहिलं ते त्या रस्त्यावरच संपले. सासूबाईंना मी ते पान वाचून दाखवलं नाही. पण प्रवासवर्णन हे काही वेळा मेलेल्या यजमानाचं मृत्युपत्रही असतं, एवढं त्या दिवशी समजलं.

ही फूटपट्टी मग मी आपल्या मराठी पुस्तकांना लावायला घेतली. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली उत्तरेत गेले ते दक्षिणा मिळेल या आशेने, आणि सापडले बंडात. ‘माझा प्रवास’ त्यांनी पुढे बऱ्याच वर्षांनी लिहून काढला. छापला गेला १९०७ साली, त्यांच्या पश्चात. स्वच्छतेचं कौतुक नाही, ढग नाहीत, कापूस नाही. आपण पैशासाठी निघालो हे भटजी पहिल्यापासून सांगून टाकतात, आणि झाशी पडली तेव्हा तिथल्या लोकांवर काय गुदरलं ते स्वतःच्या भीतीसकट सांगतात. झाशीचा माणूस हे वाचून “तुम्ही इथे नव्हतात” असं म्हणू शकणार नाही.

पंडिता रमाबाईंचं अमेरिकेवरचं पुस्तक १८८९ सालचं. आनंदीबाई जोशींच्या पदवीदानासाठी त्या १८८६ साली तिकडे गेल्या आणि जवळजवळ तीन वर्षं राहिल्या. पुस्तकाच्या नावातच आधी ‘लोकस्थिती’ आणि मग ‘प्रवासवृत्त’! हा क्रम मला फार अर्थपूर्ण वाटतो. तिथलं सरकार कसं चालतं, शाळा कशा, बायका काय करतात, घरं कशी, हे त्या आधी विचारतात. कौतुक भरपूर करतात, पण काळ्या लोकांना तिथे कसं वागवलं जातं हेही सांगायला चुकत नाहीत. कोपऱ्यातली गळकी कळशी त्यांना दिसली होती. माझ्या पुस्तकातून मला काढलं तर उरतं फक्त बसचं वेळापत्रक; बाईंच्या पुस्तकातून बाईंना काढलं तरी अमेरिका जागेवर राहते.

मग पु. ल.? ते तर पानोपानी आहेत! त्यांना काढलं तर पुस्तकच जाईल. सिद्धांत इथे अडला. दोन दिवस मी बेचैन होतो, कारण सिद्धांत सोडणं एक वेळ परवडेल, पु. ल. सोडणं परवडणार नाही. मग लक्षात आलं की ते स्वतःला मध्ये ठेवतात ते हसू करून घेण्यासाठी. बावचळलेला पाहुणा स्वतःवर हसायला लागला की यजमानही सैल होतो आणि आतल्या खोलीत नेतो. माझ्या पुस्तकात हसू युरोपचं केलेलं आहे. मी पिठलं मागत होतो आणि त्यांच्याकडे ते नव्हतं, यात विनोदी पात्र कोण होतं हे मला छापून झाल्यावर कळलं. 

मीना प्रभूंचं ‘माझं लंडन’ मी या परीक्षेला बसवलंच नाही. त्या स्वतःच वर्षानुवर्षं लंडनमध्ये राहणाऱ्या. तिथे पाहुणी कोण आणि यजमानीण कोण? इतर देशांत मात्र त्या पाहुण्या आहेत, आणि त्यांची एक गोष्ट मला आवडते. त्या विचारतात. पुढ्यात आलेल्या ताटाबद्दल विचारतात आणि ताट आणणाऱ्याबद्दलही विचारतात. कधी कधी इतकं विचारतात की पुस्तक पाचशे पानांकडे झुकतं आणि वाचणाऱ्याचा हात दुखतो. पण हात दुखला तरी बेहत्तर, डोकं रिकामं राहत नाही.

एवढं सगळं मी मोठ्या उत्साहाने गुरुजींना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “मग आमच्यावरचं पुस्तकही लावून बघा की.”

“तुमच्यावरचं?”

“नर्मदा परिक्रमेचं. त्यात आम्ही आहोत.”

खरंच होतं. गो. नी. दांडेकरांपासून परिक्रमेची वाट मराठीत चांगलीच रुळली आहे. गेल्या काही वर्षांत तर त्या पुस्तकांना पूर आला आहे. आमच्या जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, अक्कलकुवा आणि धडगाव तालुक्यांच्या सीमेवरून नर्मदा वाहते. तिथली शूलपाणीची झाडी म्हणजे परिक्रमेतलं सर्वांत रोमांचकारी प्रकरण. तिथे ‘मामा’ येतात, परिक्रमावासीयाला लंगोटीपर्यंत लुटतात, आणि लुटला गेलेला माणूस तीही मैयाची लीला समजून पुढे जातो. जुन्या पुस्तकांत हे येतंच येतं. मीही ते प्रत्येक वेळी श्वास रोखून वाचलं होतं, आणि ते ‘मामा’ माझ्याच जिल्ह्यातले आहेत हे एकदाही माझ्या डोक्यात आलं नव्हतं!

वाचनालयातलं असंच एक पुस्तक आम्ही ओट्यावर बसून वाचलं. लुटीची सात पानं झाली. मी चोरट्या नजरेने गुरुजींकडे पाहिलं.

“लुटायचे, हे खरं आहे,” ते शांतपणे म्हणाले. “खोटं कशाला सांगू? पोटात नव्हतं. आता ते दिवस गेले. पण पुढचं वाचा.”

पुढे एक परिच्छेद होता. लुटला गेलेला माणूस संध्याकाळी एका झोपडीशी पोचतो, तिथली बाई त्याला भाकरी देते, निजायला जागा देते. तीन ओळी.

“लुटीला सात पानं आणि भाकरीला तीन ओळी,” गुरुजी म्हणाले. “भाकरी कशाची होती तेही नाही. त्या बाईला नाव विचारलं नाही.”

मी म्हटलं, “एवढा दमलेला माणूस...”

“मी दोष देत नाही. पण माझ्या खऱ्या मामाचं गाव तिथेच होतं, नर्मदेच्या काठाला. ते आता पाण्याखाली आहे. म्हणून मी ही पुस्तकं वाचतो, नाना. काहीतरी सापडेल म्हणून वाचतो. घर कसं होतं, वाट कुठून जायची, शेतात काय होतं. सापडतात ते पुस्तकातले मामा.”

सरदार सरोवराने महाराष्ट्रातली तेहतीस गावं बाधित केली. सगळी याच दोन तालुक्यांतली. सर्वांत आधी बुडालेल्यांत मणिबेली. २०१७ साली धरण १३८.६८ मीटरच्या पूर्ण उंचीनिशी लोकार्पण झालं. ही आकडेवारी मला पाठ होती, वर्तमानपत्रात वाचलेली. पण जुनी परिक्रमेची पुस्तकं ज्या काठाने चालत गेली तो काठच आता नाही, आणि त्या काठाबद्दल छापील असं जे काही उरलं आहे त्यात भाकरीला तीन ओळी आहेत, हा हिशेब मी कधी मांडला नव्हता. पाहुणा निघून जातो, त्याचं लिहिलेलं मागे राहतं, आणि एके दिवशी यजमानावरच ते वाचून आपलं घर शोधायची पाळी येते. 

इब्न बतूता, फिंच, मंडी, ताव्हेर्निए, सगळे रस्त्याने गेले. सातपुडा त्यांना उत्तरेला निळ्या रेघेसारखा दिसला असेल. मी बासष्ट वर्षं त्या रेघेच्या पायथ्याशी राहिलो. तोरणमाळला दोनदा गेलो, तळं पाहिलं, सीताखाईत डोकावलो, डबा खाल्ला आणि परत आलो. म्हणजे मीही रस्त्यानेच गेलो.

एप्रिलच्या शेवटी गुरुजींबरोबर त्यांच्या गावी गेलो. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढताना जीपमध्ये मी ढगांकडे एकदाही पाहिलं नाही. वर पोचलो तर दारोदार कैऱ्या. बायका-पोरं गोलाकार बसून कैऱ्या सोलत होती, चिरत होती. कौलांवर, खडकांवर, जुन्या लुगड्यांवर फोडी वाळत होत्या. आमचूर! धडगाव-मोलगीच्या बाजारातून तो कुठल्या कुठे जातो. आमच्या स्वयंपाकघरातल्या बरणीतलाही इथलाच असणार, पण बरणीवर गावाचं नाव नसतं.

गुरुजींच्या वहिनींनी जेवायला वाढलं. ज्वारीची भाकरी, उडदाची घट्ट डाळ, मिरचीचा ठेचा. गोडाचं म्हणून भगर. मी प्रत्येक पदार्थाचं विचारत गेलो. वहिनी पावरीत सांगत, गुरुजी मराठीत. डाळीला फोडणी कशाची, भगर कोणत्या उताराला येते, उखळात किती वेळ कांडायची, सगळं वहीत घेतलं. शेवटी नावही विचारलं. त्यांनी सांगितलं. छापू का म्हटल्यावर मात्र तोंडाला पदर लावून हसल्या आणि नको म्हणाल्या.

मग त्यांनी गुरुजींना काहीतरी विचारलं. गुरुजी माझ्याकडे पाहून बोलेनात.

“काय म्हणतात?”

“तुम्ही लांब विमानाने जाऊन आलात हे मी सांगितलं होतं. तर विचारते आहे, तिथली माणसं काय खातात?”

मी डाळीत भाकरी कालवत बसलो. अकरा दिवस, सात देश, एकतीस पानं आणि सांगण्यासारखं एक वाक्य नव्हतं. “थेपले,” म्हणालो असतो तर ते माझ्यापुरतं खरं ठरलं असतं.

परत आल्यापासून नवी वही घातली आहे. यंदा ढग नाहीत. वहिनींच्या डाळीवर एक पान झालं, ते गुरुजींना वाचायला देऊन ठेवलं आहे. आज नववा दिवस. काल ओट्यावर दिसले, मिरचीच्या भावाबद्दल बोलले, अवकाळी पावसाबद्दल बोलले. पानाबद्दल अजून काही बोललेले नाहीत.